लढाईवरून परतलेला माणूस आणि त्याचे घर



सातारा, कोल्हापूर, कोकण, बेळगाव या भागांत फिरताना काही गावांच्या चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली एक दगडी पाटी दिसते. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने ती बसवली. मजकूर बहुतेक ठिकाणी एकाच साच्याचा. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामी आले. पाटी एवढ्यावर संपते. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात, ज्याला सगळे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, तिथे ४६ जण कामी आल्याची नोंद आहे. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीने तर 'सैनिक' हा शब्द गावाच्या नावातच घेतला.

मी इतिहासाचा मास्तर. पाटी दिसली की वजाबाकी करायची खोड. गेलेल्यांतून मेलेले वजा केले की उरतात ते परतलेले. त्यांच्याविषयी पाटी काही सांगत नाही. ते परत आले, प्रश्न मिटला, असा तिचा समज. आजचे व्याख्यान या बाकीवर आहे. त्यातही सगळ्या बाकीवर नाही. हातपाय शाबूत घेऊन आला, पण गेला होता तो आला नाही, असे ज्याच्याविषयी घरातले म्हणत, त्या माणसावर आणि मुख्यतः त्याच्या बायकोवर आहे.

आपल्या भाषेने लढाईतल्या माणसांसाठी किती शब्द घडवले ते पाहा. हुतात्मा आहे, वीरमाता आहे, वीरपत्नी आहे. वीरपत्नी म्हणजे जिचा नवरा गेला ती. ज्याचा नवरा परत आला आणि नंतर पुढची तीस वर्षे रात्री दचकून उठत राहिला, तिच्यासाठी शब्द नाही. त्या माणसासाठीही नाही. त्याच्यासाठी आपल्याकडे दोन पांघरुणे होती. तो नोकरीतल्या शिस्तीने चिडतोय असे वाटले तर 'मिलिटरी खाक्या'. चिडण्याच्या पलीकडे गेला, एकटाच बोलू लागला, रानात जाऊन बसू लागला, तर 'लागीर', 'बाधा'. ही दोन पांघरुणे काढून खाली काय होते ते पाहायचे, एवढेच मला करायचे आहे. मी वैद्य नाही, त्यामुळे निदान करणार नाही.

परतलेल्या माणसाविषयीचा संशय मराठी इतिहासात जुना आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. सदाशिवरावभाऊंचे काय झाले याविषयी शंका राहिली आणि पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला. १७७६ साली त्याच्या बंडाने पेशवाई हादरली आणि त्याच साली त्याला देहान्त शासन झाले. पार्वतीबाई १७८३ पर्यंत सौभाग्यचिन्हांसह जगल्या. या प्रकरणावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, न. चिं. केळकरांनी नाटक केले. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. हजारो माणसांनी त्या तोतयाला भाऊ म्हणून मानले. पंधरा वर्षांपूर्वी लढाईवर गेलेला माणूस परत येतो तेव्हा वेगळा दिसणार, वेगळा वागणार, हे लोकांनी आधीच गृहीत धरले होते. नाहीतर तोतयाचे चाललेच नसते.

खरे परतलेलेही होते. नाना फडणीस त्यांपैकी एक. तेव्हा ते एकोणीस वर्षांचेही पूर्ण नव्हते. आई आणि पत्नी बरोबर होत्या. पळापळीत आई हरवली ती कायमची, पत्नी वाचली. नानांनी आपल्या आत्मवृत्तात हा प्रसंग लिहिला आहे. ज्यांना बखरींच्या थाटाची सवय आहे त्यांनी तो मुद्दाम वाचावा. त्यात भालाफेक नाही, एक घाबरलेला मुलगा आहे. पुढच्या आयुष्यात नानांचा जो सावधपणा आणि कुणावर विश्वास न टाकण्याचा स्वभाव प्रसिद्ध झाला, त्याचे मूळ आपण नेहमी राजकारणात शोधतो. काही भाग पानिपतच्या त्या रात्रीतही शोधावा, असे मला वाटते. पुरावा म्हणून नव्हे, शक्यता म्हणून.

आता विसाव्या शतकात येतो. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द छापून आणला. तोफगोळा जवळ फुटल्याने मेंदूला हादरा बसतो, अशी आरंभीची कल्पना. लवकरच लक्षात आले की ज्यांच्याजवळ गोळा फुटलाच नाही तेही थरथरतात, मुके होतात, झोपत नाहीत. इथे लष्कराची पंचाईत झाली. जखम म्हणायचे की आजार? १९१६ पासून कागदावर दोन खाती झाली. शत्रूच्या गोळ्याशी थेट संबंध दिसला तर 'जखमी', नाही दिसला तर 'आजारी'. जखमी ठरलेल्याला बाहीवर जखमेची पट्टी आणि पेन्शन, आजारी ठरलेल्याला तसा मान नाही. पुढे १९१७ मध्ये तो शब्द वापरायलाच आडकाठी झाली. दुसरीकडे पळाल्याच्या किंवा भ्याडपणाच्या आरोपावरून ब्रिटिश लष्कराने आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ साली. माणसाचा स्वभाव पालटला याचा सरकारदरबारी अर्थ एकच होता, तो म्हणजे पैसे कुणी द्यायचे.

हिंदी सैनिकाच्या बाबतीत या हिशेबात आणखी एक गाठ होती. १९१४ च्या सप्टेंबरअखेर आपले लोक मार्सेयला उतरले आणि थंडीच्या तोंडावर खंदकात गेले. थोड्याच दिवसांत हाताला जखमा झालेले पुष्कळ जण इस्पितळात येऊ लागले आणि साहेबांना संशय आला की हे आपल्याच हाताने गोळी मारून घेतात. ब्रायटनच्या किचनेर इस्पितळाचे कर्नल सेटन यांनी एक हजार जखमा तपासल्या. संशयाला आधार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. हा अहवाल त्या माणसांच्या बाजूचा आहे, आणि तरीही प्रश्न बघा कुठला विचारला गेला. हा लबाड आहे का? याला काय होतंय, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

ज्याला सवड होती तो सेन्सॉर. सैनिकांची पत्रे उघडून वाचायचे काम हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याकडे होते. पत्रांत काळी मिरी आणि लाल मिरची असा संकेत असे, काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. काळी संपत आली, असे घरी कळवले जाई. हॉवेलने आपल्या अहवालात एक विलक्षण गोष्ट नोंदवली. शिपाई पत्रांतून कविता करू लागले आहेत आणि हे मन अस्वस्थ झाल्याचे लक्षण असावे, अशी भीती त्याने व्यक्त केली. मला त्या गोऱ्या अधिकाऱ्याचे कौतुक वाटते. गद्य लिहिणारा माणूस अचानक पद्य लिहू लागला, म्हणजे आत काही हलले आहे, हे त्याने ओळखले. तेच पत्र गावी ज्या बाईला कुणाकडून तरी वाचून घ्यावे लागले, तिला काय वाटले असेल? तिच्या बाजूची पत्रे फार थोडी उरली आहेत. लिहिणारा हात बहुधा शाळामास्तराचा किंवा दिराचा, आणि त्याच्यासमोर ती मनातले थोडेच सांगणार.

आपल्या भागाच्या दृष्टीने फ्रान्सपेक्षा मोठी गोष्ट मेसोपोटेमियाची. जुनी माणसे नुसते 'बसऱ्याला गेला' म्हणत. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला प्रचंड हानी सोसून ही फौज मागे कुत-अल-अमाराला आली आणि ७ डिसेंबरपासून तिला तुर्कांचा वेढा पडला. तो सुमारे पाच महिने चालला. अन्न संपत गेले तसे घोडे आणि खेचरे मारून खायची वेळ आली. हिंदी शिपायांतल्या पुष्कळांनी ते मांस नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तीही आली, तरी बरेच दिवस त्यांचा नकार टिकला. गावी परतल्यावर जात काय म्हणेल, हा त्यांचा प्रश्न होता. घरच्यांची भीती भुकेपेक्षा मोठी ठरली. हिंदी पलटणींत स्कर्व्हीने माणसे खचली. शेवटी एप्रिलमध्ये अनेकांनी खाल्ले. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार लोक कैद झाले. उन्हातून पायी चालत उत्तरेला, मग रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर. वाटेत आणि छावण्यांत मेलेल्यांची गणती हजारांत आहे. उरलेले सुटले ते ऑक्टोबर १९१८ च्या तहानंतर.

आणि ते परतले कुठे? १९१८ चे साल आठवा. पाऊस फसला होता आणि इन्फ्लुएंझाने मुंबई इलाख्यातली घरेच्या घरे रिकामी केली होती. दोन-अडीच वर्षे ज्याची खबर नव्हती तो माणूस दारात उभा राहिला तेव्हा ती आपले मूल किंवा सासू पुरून, जाळून बसलेली होती. दोघांनीही दुष्काळ आणि मरण पाहिले होते, फक्त वेगवेगळ्या मुलखात. तो कुतमध्ये काय खाल्ले हे सांगू शकत नव्हता, कारण ते सांगणे म्हणजे पंक्तीतून उठणे. सीमाभागातल्या एका घरात मला सांगितले गेले की त्यांचे पणजोबा मरेपर्यंत रात्री उशाशी भाकरी बांधून ठेवत. पणजी ती रोज सकाळी गुपचूप काढून गुरांना घाली आणि रात्री ताजी बांधून देई. का, हे तिने विचारले नाही. कुतची गोष्ट घरात कुणाला ठाऊकच नव्हती. पेन्शनच्या कागदावरून मी पलटणीचा आकडा वाचला तेव्हा पहिल्यांदा कळली.

दुसऱ्या महायुद्धाविषयी बोलताना मला माझी एक चूक सांगावी लागेल. १९२२ च्या फेररचनेनंतर मराठा पलटणींचे प्रशिक्षण बेळगावला आले. महार रेजिमेंटची पहिली बटालियन ऑक्टोबर १९४१ मध्ये याच गावात उभी राहिली. त्यामुळे आमच्या लहानपणी प्रत्येक गल्लीत कुणीतरी हवालदार, कुणीतरी सुभेदार असेच. खानापूर रस्त्यावरच्या एका गावात आमच्या ओळखीचे एक हवालदार आजोबा होते. पहिल्या मराठा बटालियनबरोबर सांग्रो नदीपासून सेनिओ नदीपर्यंत इटली चालून आलेले. कॉलेजात असताना वार्षिक अंकासाठी त्यांच्यावर लेख लिहावा म्हणून मी वही घेऊन गेलो. नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५ ला सेनिओवर ज्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तिच्याविषयी त्यांच्या तोंडून ऐकायचे होते.

आजोबा भिंतीला पाठ लावून बसले होते. मी तीन-चार प्रश्न विचारले. "थंडी होती. आणि पाणी," एवढे म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले. मग आज्जी बोलू लागली. मी वही मिटली होती, हे मला आज आठवते.

ती म्हणाली, "त्यांस्नी मागनं हाक मारायची नाही, हे ध्यानात ठेव. पुढं यायचं, दिसायचं आणि मग बोलायचं." झोपेतून उठवताना अंगाला हात लावायचा नाही, उंबऱ्यात उभे राहून नावगाव घेत बोलायचे. घरात पत्र्याचा डबा उंचावर ठेवायचा नाही, पडला तर वाजतो. दिवाळीत चार दिवस ते शेतातल्या खोपीवर राहायला जात आणि ती तिथे फराळ पोहोचवी. गावाला सांगे, पिकाची राखण. पहाटे तीनला उठून ते गोठ्याभोवती फेऱ्या मारत. पहिली दोन वर्षे ती घाबरून बघत राहिली, नंतर तिनेही त्याच वेळी उठून दळायला बसायचे ठरवले. म्हणजे घरात दोन माणसे जागी असली तर एकाचे जागणे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. सासूने देवऋषी आणला, उतारे झाले. आज्जीला त्यात काही दिसले नाही, पण तिने अडवले नाही. ती म्हणाली, भूत म्हटलं की त्यांचा बी दोष नाही आणि माझा बी नाही.

हे वाक्य मी बरीच वर्षे मनात घोळवले आहे. आपण सुशिक्षित लोक 'लागीर' या शब्दावर हसतो आणि त्या शब्दाने अघोरी उपायांना दार उघडले हेही खरे. पण त्या बाईला त्या शब्दाने एक जागा दिली. माणूस वाईट नाही, त्याला काहीतरी झाले आहे, असे म्हणण्याची सोय. 'मिलिटरी खाक्या' या दुसऱ्या शब्दाने तेवढीही सोय दिली नाही, कारण त्यात जे घडते ते योग्यच, उलट अभिमानाचे, असे गृहीत आहे.

कारण सगळे सांगायचे तर हेही सांगितले पाहिजे. आज्जीने पदर सरकवून मनगटावरचा वाकडा सांधा दाखवला. थोरल्या मुलाने विहिरीवर बादली आपटली, आजोबा त्याच्यावर धावले आणि ती मध्ये पडली. त्यानंतर ते तीन दिवस जेवले नाहीत. तो मुलगा चौदाव्या वर्षी मुंबईला गिरणीत निघून गेला आणि बाप असेपर्यंत गणपतीलाही आला नाही. आज्जी अकरा वर्षे माहेरी राहायला गेली नव्हती. घरात दुसऱ्या कुणाला ते नियम ठाऊक नव्हते, म्हणून. तिच्या सोसण्याला मी महान म्हणणार नाही. तिला आधार द्यायला कुणी असते तर ती माहेरी गेली असती आणि मुलगा शाळेत राहिला असता.

मी लेख लिहिला. त्यात सांग्रो होती, सेनिओ होती, जाधवांचे शौर्य होते, आजोबांचे दोन शब्द होते. आज्जी नव्हती. मला ती माहिती 'घरगुती' वाटली. पुढे बऱ्याच वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा दोघेही नव्हते.

अमेरिकेत व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्यांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या डॉक्टरांनी लावून धरल्यामुळे १९८० साली तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या अवस्थेला अधिकृत नाव दिले. पीटीएसडी ही अक्षरे आता वर्तमानपत्रांतही येतात. लक्षणांची यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला खानापूर रस्त्यावरचे ते घर दिसले. दचकणे, झोप नसणे, पाठ भिंतीला लावून बसणे, आवाज टाळणे, जवळच्यांपासून तुटणे, एकाएकी भडकणे. आज्जीने हे सगळे १९४६ ते १९५० च्या दरम्यान एकटीने ओळखले होते आणि त्यावर घराची मांडणी बसवली होती. फरक एवढाच की डॉक्टरांच्या पुस्तकात शेवटी उपचार आहेत, आणि घरच्यांनाही मदत लागते असे लिहिले आहे. आज्जीच्या पुस्तकात ते पान नव्हते.

आजची स्थिती थोडक्यात सांगतो, कारण या सभागृहात फौजी घरातली पुष्कळ मंडळी आहेत. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला, हे ठरावे लागते. वाद तिथेच होतो. धरमवीर सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतला मानून चालावे आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. तो खटला फेफऱ्याचा होता, पण भरतीच्या कागदावर जे लिहिलेले नाही त्याचे महत्त्व त्याने वाढवले. १९१६ च्या त्या दोन खात्यांपासून इथवर यायला शंभर वर्षे लागली. सियाचीनवर १९८४ पासून आपली माणसे उभी आहेत, श्रीलंका झाली, कारगिल झाले. त्या घरांतल्या बायका आज आपल्याच शेजारी राहतात, आणि त्या वीरपत्नी नाहीत म्हणून त्यांना कुठल्याच सत्काराला बोलावले जात नाही. बोलावले तर त्या काय सांगतील हेही आपल्याला ठाऊक नाही, कारण आपण विचारलेले नाही.

शेवटी एक विनंती, आणि ती करण्यासाठीच मी हा विषय निवडला. आपल्या संस्थेच्या दप्तरात सैनिकांची पत्रे, पदके, छायाचित्रे पुष्कळ आहेत. मला दुसरे काही हवे आहे. घरात जुने पेन्शन बुक किंवा डिस्चार्जचा कागद असेल तर त्यावरचा पलटणीचा आकडा आणि तारखा उतरवून घ्या. मग घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ बसा. आजोबा लढाईत काय करत, हे विचारू नका, ते तिला ठाऊक नसते. ते आल्यावर घरात कोणत्या गोष्टी करायच्या नसत, एवढेच विचारा आणि ती सांगेल तसे, तिच्याच शब्दांत लिहून काढा. नावे गाळली तरी चालतील. कागद मूळ असेल तर नक्कल करून आठवड्याभरात परत देण्याची जबाबदारी माझी. ग्रंथालयात रोज संध्याकाळी पाच ते सात मी असतो.